नानांचा फळा आणि मेढीची सालई

नाना मोजणीदारांनी मी फळ्यावर लिहिलेला पहिलाच शब्द धोतराच्या सोग्याने पुसून टाकला होता. मी धुळ्याहून नव्यानेच आले होते. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला असलेल्या त्या बाजाराच्या गावी वाचनालयात ग्रंथपालाची नोकरी लागली होती आणि पहिलाच गुरुवार होता. वाचनालयाच्या ओसरीत भिंतीला काळा रंग देऊन मोठा फळा केलेला होता. त्यावर खडूने आखलेलं शब्दकोडं, आणि पुढे बाजाराला आलेल्या माणसांची ही गर्दी. 'आडवे सहा : पानं झडली की लाल फुलतो, अंगाला काटे, तीन अक्षरी.' मी पुढे झाले, खडू उचलला आणि ऐटीत 'पांगारा' लिहिलं.

"पाहिलात कुठे?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला.

"पाहिला नाही. वाचलाय."

म्हातारे गृहस्थ उठले, सोगा हातात घेतला आणि माझा पांगारा शांतपणे पुसला. "कापसाच्या जिनिंगच्या मागे एक आहे. सध्या फुललाय. बघून या बाई, मग लिहा." भर उन्हात मी तणतणत जिनिंगमागे गेले. पांगारा खरोखरच नुसता लाल होऊन उभा होता, त्यावर मैनांचा कलकलाट चालला होता, आणि माझा राग तिथेच निम्मा उतरला. परत येऊन शब्द पुन्हा लिहिला. नानांनी मान हलवली, तेवढंच.

हा त्यांच्या फळ्याचा नियम होता. उत्तर लिहायचं आणि ती वस्तू, ते झाड कुठे पाहिलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. पाहिलं नसेल तर खडू खाली ठेवायचा. नानांनी सारी नोकरी मोजणी खात्यात काढली होती. साखळी घेऊन गावोगाव हिंडायचं, शेतांच्या हद्दी कायम करायच्या. जुन्या हद्दी झाडांवरून सांगितलेल्या असत. पूर्वेला अंजन, तिथून नाल्याच्या कडेने मोहापर्यंत, मोहापासून सरळ धावड्याच्या जोडीकडे. "जागेवर न जाता ज्याने नकाशा काढला, त्याने दोन भावांत कायमचं भांडण लावलं," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर साखळी सरकारजमा झाली, पण जागेवर जायची खोड राहिली. मग हा फळा सुरू झाला. पांढऱ्या भुकटीत बुडवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून मधे टिचकी मारली की फळ्यावर सरळ रेघ उमटे. पट्टी त्यांनी कधी वापरली नाही.

कोड्यात असायचं काय, तर पानगळीची झाडं आणि गावातलं जुनं सामान. पळस, मोह, टेंभुर्णी, काटेसावर. तिफण, मोट, पाभर, जातं. सिनेमाच्या नट्या एकदाही आल्या नाहीत. कुणी तक्रार केली तर "त्या धुळ्याच्या पेपरात शोधा" म्हणून मोकळे. एकदा 'बांबूची, शेणाने सारवलेली, हिच्यात धान्य राहतं, तीन अक्षरी' या सूचनेला बँकेतल्या एका साहेबांनी 'गोदाम' लिहिलं. तीन घरांत तीन अक्षरं नेमकी बसली होती आणि साहेब खुशीत होते. नाना म्हणाले, "चौकोनात बसला म्हणून शब्द खरा होत नाही." मग एका म्हातारीने पुढे होऊन, लिहिता येत नसल्याने, मला 'कणगी' लिहायला लावलं आणि आपल्या सासूच्या कणगीत मांजर कशी व्यायली ते रंगवून सांगितलं. सगळी ओसरी हसली. साहेबही हसले आणि दर गुरुवारी येऊ लागले.

नानांच्या बायकोला सारं गाव अक्का म्हणायचं, म्हणून नानाही अक्काच म्हणत. अंगाने भरलेल्या, आवाजाने खणखणीत. घराला लागूनची एक खोली नानांनी बालवाडीला दिली होती आणि अक्का ती चालवायच्या. कौलारू खोली, एक दार, मागे बिनगजाची खिडकी, आणि दाराच्या अगदी अंगावर कललेलं सालईचं झाड. त्या झाडाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. आमच्याकडे लग्नाच्या मांडवाला सालईची मेढ रोवतात. नाना-अक्कांचं लग्न झालं तेव्हा नानांच्या दारी घातलेल्या मांडवाची मेढ कुणी काढलीच नाही आणि पावसाळ्यात तिला पाला फुटला. त्या मेढीचं हे झाड. अक्का नव्या नवरीसारख्या त्याला पाणी घालत, असं नाना चिडवायचे. अक्का म्हणायच्या, "तुमले घालेल पानी वाया गयं, झाडनं तरी लेखी लागनं."

सालई उन्हाळाभर नागडी असते. पावसाची चाहूल लागेपर्यंत पान धरत नाही. मी गावात रुळल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र ती जरा जास्तच नागडी दिसू लागली. दरवर्षी रिकाम्या फांद्यांवर येणारा फुलोरा यंदा एका बाजूला आलाच नाही. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटून पडत होते. त्यात झाड खोलीकडे आणखी कललंय असं कुणाला तरी वाटलं, आणि मग ते सगळ्यांनाच दिसू लागलं. आमच्या खानदेशात मे संपताना वावधन सुटतं. एकदा सुटलं की केळीच्या बागाच्या बागा आडव्या करून जातं. मेलेलं झाड त्यात उभं राहायचं नाही, आणि पडलं तर पडणार कुठे, तर पोरांच्या डोक्यावर. आया कुजबुजू लागल्या. सरपंच दगाभाऊंनी झाड तोडायचं ठरवलं.

त्यासाठीची बैठक फळ्यापुढेच झाली, कारण गुरुवारी सगळे तिथेच असत. दगाभाऊ म्हणाले, "नाना, झाड मरी गयं. मी मानसं धाडस."

नाना उठले आणि घराकडे चालू लागले. त्यांच्यामागे ओसरीतली सगळी माणसं, त्यांच्यामागे मी. झाडापाशी जाऊन त्यांनी खिशातला चाकू काढला आणि खोडाची साल नखाएवढी खरवडली. आत हिरवंगार होतं. धुपासारखा वास सुटला. नानांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"हाई झाड जित्तं शे," ते म्हणाले. "आपल्या डोयाखाल देखी ल्या. जित्ता जीवले कुऱ्हाड लागाव नही."

हिरवं सगळ्यांनीच पाहिलं होतं. दगाभाऊंनी टोपी सारखी केली आणि विषय मिटला. तरी दोघीतिघी आया तिथेच घुटमळत उभ्या होत्या. त्यांना अक्का म्हणाल्या, "यासनं उत्तर आजलगून चुकनं नही. हाई जित्तं शे म्हणतस, मंग मी पोऱ्हेस्ले आठेच बसाडसू." त्या बायकांनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी नानांकडे. सबंध बालवाडी त्या क्षणी नानांच्या एका शब्दावर बसली होती. मला ते तेव्हा छान वाटलं. आता तसं वाटत नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला अजून आठवतं. रोज वाचनालयात येताना माझी मान त्या झाडाकडे वळायची. फांद्यांच्या टोकांना काही लालसर दिसतंय का? नाही. दुपारी गरम वारा सुटला की ओसरीतली माणसं वर्तमानपत्र खाली करून बालवाडीकडे पाहायची. नाना सकाळ-संध्याकाळ झाडाखाली उभे राहायचे. एक दिवस मला म्हणाले, "येईल बाई, पाला येईल. हिला मी बोहल्यापासून ओळखतो." आवाज ठाम होता, पण त्या आठवड्यात फळ्यावर एक रेघ वाकडी आली. ती त्यांनी पुसली नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटलं.

मग तो गुरुवार आला. सकाळपासून अंगाची लाही होत होती. पानही हलत नव्हतं. बाजारच्या दिवशी अक्कांची बालवाडी संध्याकाळपर्यंत चालायची, कारण पालातल्या बायका पोरं तिथे सोडून सौदा करायला जात, म्हणून गर्दीही इतर दिवसांपेक्षा जास्त. कोडं जवळपास सुटलं होतं. एकच शब्द अडला होता : 'उभे तीन : जनावरांचं ताट, लाकडी, दोन अक्षरी.' 'टाकी' लिहून दोघांनी नानांची बोलणी खाल्ली होती.

दुपार कलताना अक्का तावातावाने ओसरीत आल्या. पोरांपाशी मदतनीस मुलीला बसवून आल्या होत्या. "ओ, मन्ही खडूनी पेटी कोठे शे? बठ्ठा खडू आठे ली उनात तुमी!" नानांनी चोरी पकडल्यासारखी पेटी पुढे केली. अक्का निघाल्या, तेवढ्यात त्यांची नजर फळ्यावर गेली. इतक्या वर्षांत त्या फळ्याला कधी हात लावायला आल्या नव्हत्या. सूचना वाचून त्या हसल्या, पेटीतला खडू काढला आणि चौकोनात ठसठशीत लिहिलं : 'डोणी'.

"पाहिलीत कुठे?" नाना मिशीत हसत म्हणाले. बायकोला सूट नव्हती.

"मन्हा माहेरले व्हती. म्हशी पानी पेवाले तिन्हावरच येत."

"कोरली कुणी एवढी?"

"कोराले काय लागस?" अक्का रंगात आल्या. "मन्हा आजाना मांडवनी मेढ व्हती ती, सालईनी. तिनं झाड व्हयनं. मेढनं झाड मझारतीन पोकयच ऱ्हास. वरतीन पाला येस, फुलं येतस, आन् मझार काहीच नही. वारामा पडनं ते, तं आजानी त्यानी..."

झाड आतून पोकळ, असं सांगता सांगताच अक्का थांबल्या. हातातला खडू तसाच फळ्याला टेकलेला. नाना खुर्चीतून अर्धवट उठले होते. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले आणि मला वाटतं, ओसरीत कुणाला काही कळायच्या आत त्या दोघांना सगळं कळलं होतं. बाहेर बाजारात कुणाच्या तरी पालाची ताडपत्री फडफडली. मी उत्तरेकडे पाहिलं. सातपुडा दिसत नव्हता. तिथे नुसती तांबडी धूळ होती.

नाना पळाले. त्या वयात त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. झाडापाशी पोचून त्यांनी एक दगड उचलला आणि खोडावर ठोकला, जिथे मागे हिरवं दिसलं होतं त्याच्या बाजूला. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा आवाज आला. त्यांनी खाली ठोकला, वर ठोकला. सगळीकडे तोच आवाज. पहिला झोत आला आणि झाड करकरलं. फांदी मोडताना होतो तसा तो आवाज नव्हता. बुंध्यापासून निघून वर जाणारा, लांबच लांब.

"दारातीन नही!" नाना ओरडले. दार झाडाच्या अगदी खाली होतं. "खिडकीतीन काढा!"

अक्का आत गेल्या त्या मात्र दारानेच. मी आणि नाना मागच्या खिडकीशी. धुळीने डोळे उघडत नव्हते. अक्का आतून एकेक पोर उचलून खिडकीत ठेवायच्या, नाना घ्यायचे, माझ्याकडे द्यायचे, मी पुढच्या माणसाच्या हातात. ओसरीतली सगळी माणसं आता रांगेने उभी होती, बँकेचे साहेबसुद्धा. पोरं आधी रडली, मग त्यांना तो खेळ वाटला. वर कौलं एकमेकांवर आपटत होती आणि अक्का आत मोठ्याने बडबडगीत म्हणत होत्या. आवाज जराही कापत नव्हता. शेवटी मदतनीस मुलगी बाहेर आली. मग खिडकीत फक्त अक्कांचा चेहरा राहिला.

खिडकी त्यांच्या मानाने लहान होती. हे आम्हाला तिघांनाही एकदमच उमगलं.

"मी दारातीन येस," अक्का म्हणाल्या.

"मथुरा, थांब!" नानांनी त्यांना नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. ते खोलीला वळसा घालून दाराकडे धावले आणि थेट झाडाखाली जाऊन उभे राहिले. दोन्ही हात खोडाला लावून, जणू ते धरून ठेवणार होते. वेडेपणाच होता तो. पण मी त्यांना हसू शकले नाही, तेव्हाही आणि नंतरही. अक्का दारात आल्या, नवऱ्याकडे पाहिलं, पदर खोचला, सावकाश पायरी उतरल्या, त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना झाडापासून ओढून बाहेर घेऊन आल्या.

झाड पडलं नाही.

वावधन आलं तसं गेलं. बाजाराची दैना झाली, पलीकडच्या बागा झोपल्या, कुणाचे पत्रे उडाले. सालई उभी. आणि संध्याकाळी, धूळ खाली बसल्यावर, तिच्या टोकांना बारीक लाल कोंब दिसले. पोरांनीच आधी पाहिले. गाव हसलं, तेही साहजिकच होतं. दगाभाऊ म्हणाले, "काय नाना, पाला बी फुटना आन् झाड बी उभं शे. उगीच पोऱ्हेस्ले खिडकीतीन फेकं!" नानांना या हसण्यातून सुटायला चांगली वाट होती. पाला फुटला होता, त्यांचं उत्तर बरोबर ठरलं होतं, सारं गाव तसं म्हणत होतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं.

पुढच्या गुरुवारी फळ्यावर कोडं नव्हतं. मधोमध दोनच ओळी होत्या : 'मी सालईचं हिरवं पाहिलं होतं, तिचं पोट पाहिलं नव्हतं. माझं उत्तर पुसावं.' बाजारातली माणसं येऊन वाचत होती आणि तिथेच उभी राहत होती. पुसायला कुणी पुढे होईना. नाना खुर्चीत ताठ बसले होते. शेवटी अक्का आल्या, पदराने दोन्ही ओळी पुसल्या आणि म्हणाल्या, "पुसं. आते मानसं बलावा."

कुऱ्हाड लागली तेव्हा नाना तिथेच उभे होते. दोर बांधून झाड मोकळ्या अंगणाकडे पाडलं. तोडणाऱ्याने बुंध्यात हात घातला तो खांद्यापर्यंत आत गेला. बाहेर बोटाएवढ्या जाडीचं जिवंत लाकूड, त्यातून चीक गळत होता, आणि आत नुसता काळोख. फांद्यांवर मात्र कोवळी पानं. बघायला आलेल्या आयांपैकी एकीने पोराला उचलून छातीशी धरलं आणि ती तिथून निघून गेली. दगाभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. नाना खाली बसले, त्या पोकळीत बघत राहिले. "बाई," ते मला म्हणाले, "आम्ही भांडलो ते जिवंत की मेलं यावर. प्रश्नच चुकीचा होता. चौकोनात उत्तर बसलं आणि मी खूश झालो."

अक्कांनी दोन फांद्या तोडून अंगणात रोवल्या. पाऊस चांगला झाला, तरी दोन्ही वाळल्या. "मेढ लगीननीच लागस," एवढंच त्या म्हणाल्या. नाना त्यानंतर बरेच थकले, पण फळा त्यांनी सोडला नाही. फक्त एक बदल झाला. सूचना फळ्यावर लिहायच्या आधी ते अक्कांना वाचून दाखवू लागले, आणि अक्का स्वयंपाकघरातून विचारायच्या, "देखं कोठे तुमी?" मग नाना सांगायचे. कधी कधी सूचना खोडायचे आणि पायात वहाणा घालून बघायला निघायचे.

नव्वद साल उजाडल्यावर काही वर्षांनी नाना गेले. आजारी फार नव्हते. शेवटच्या गुरुवारीही त्यांनी बसल्याबसल्या मला दोरी ताणायला लावली आणि टिचकी स्वतः मारली. ते गेल्यावर फळा माझ्याकडे आला. तोपर्यंत गावात टीव्हीचे खांब उगवले होते, कणगी पाहिलेली माणसं कमी होत चालली होती आणि नवी पोरं बरेच शब्द पुस्तकातून आणायची. मी त्यांना परत पाठवायची. नियम तोच ठेवला, पण तो चालवणं दरवर्षी जड जात होतं. पाठवणार तरी कुठे?

एका बाजारच्या दिवशी मी तीच सूचना पुन्हा लिहिली : 'जनावरांचं ताट, लाकडी, दोन अक्षरी.' वाटलं होतं, हा शब्द आता कुणालाच यायचा नाही. परकर-पोलक्यातली एक मुलगी गर्दीतून घुसली आणि तिने 'डोणी' लिहिलं.

"पाहिलीस कुठे?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डोळ्यांनी अधू आहे. मग ओसरीच्या बाहेर बोट केलं. वाचनालयाच्या फाटकापाशी, नानांनी झाड पाडलं त्याच वर्षी वरची बाजू कापून, दोन्ही तोंडं बंद करून घेऊन ठेवलेल्या सालईच्या पोकळ बुंध्यात, बाजाराला आलेले दोन बैल पाणी पीत होते. आणि वाकून, कंबरेवर हात ठेवून, अक्का त्यात कळशी ओतत होत्या.